निकाहाआधीचा रक्ताचा थेंब

इराणमध्ये १९९७ पासून निकाहाची नोंद करण्यापूर्वी थॅलेसेमियासाठी रक्ताची तपासणी करावी लागते. या तपासणीत एक बारीकशी गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. आधी फक्त मुलाचे रक्त तपासतात. त्याच्या लाल पेशी नेहमीच्या आकाराच्या निघाल्या तर विषय तिथेच संपतो. मुलीच्या दंडाला सुई लागतच नाही. मुलाच्या पेशी लहान आढळल्या, तरच मुलीला बोलावले जाते.

यामागे साधा हिशोब आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तरच मुलाला गंभीर थॅलेसेमिया होऊ शकतो. एक जण सुटला की दोघांची चिंता मिटली, आणि सरकारचा जवळजवळ निम्मा खर्च वाचला. पण या क्रमाचा दुसरा परिणाम मला जास्त मोलाचा वाटतो. रिश्ता मोडला की बोट मुलीकडे दाखवायचे, ही रीत तेहरानपासून औरंगाबादपर्यंत सारखीच आहे. इराणमधल्या बहुसंख्य मुलींचा असा रिपोर्ट मुळात तयारच होत नाही. जो कागद नाही, तो सासरी कुणी फडकवू शकत नाही.

आपल्याकडे आता या विषयावर बोलणे भाग आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. विदर्भ आणि नंदुरबार त्यात येतात. दुसरीकडे शहरांतल्या प्रयोगशाळा थुंकीच्या नमुन्यावरून शेकडो आजारांचे भाकीत सांगण्याच्या जाहिराती करतात. मुस्लीम समाजात यावर चर्चा निघाली की गाडी एकाच प्रश्नावर अडते: अशी तपासणी तवक्कुलच्या, म्हणजे अल्लाहवरच्या भरवशाच्या, विरोधात जाते का? काही उलेमांनी तशी शंका घेतली होती हे खरे. पण इलाज करण्याला ज्या धर्माने हरकत घेतली नाही, तो निदानाला का घेईल? अवघड प्रश्न पुढे आहेत. आधी कुणाला तपासायचे, कागद कुणाच्या हातात द्यायचा, आणि तपासून झाल्यावर त्या माणसाला काय द्यायचे. गेल्या पन्नास-साठ वर्षांचा इतिहास या तीन प्रश्नांभोवती फिरतो.

विज्ञान थोडक्यात. थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे दोन्ही हिमोग्लोबिनचे वंशागत आजार. ज्याच्याकडे दोषी जनुकाची एकच प्रत आहे तो वाहक. आपल्याकडे त्याला ‘मायनर’ म्हणतात. तो आजारी नसतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची, दोन शक्यता वाहक मुलाच्या, एक पूर्ण मोकळ्या मुलाची. हा फासा दर वेळी नव्याने पडतो. ‘पहिले आजारी झाले, आता पुढची तीन ठीक होतील’ हा घरोघरी ऐकू येणारा समज चुकीचा आहे. आणि हे जनुक टिकले याचेही कारण आहे. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले की सिकलसेलच्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. मलेरियाच्या मुलखात ज्यांच्या रक्तात हा बदल होता, त्यांची मुले जगली. खानदानाला लागलेला डाग असे ज्याला म्हटले जाते, ती एकेकाळी त्याच खानदानाची ढाल होती.

सिकलसेल हा रेणूच्या पातळीवरचा आजार आहे हे १९४९ मध्ये सिद्ध केले लिनस पॉलिंग यांनी. पुढे त्यांना रसायनशास्त्राचे आणि अणुचाचण्यांच्या विरोधासाठी शांततेचे, अशी दोन नोबेल मिळाली. याच पॉलिंग यांनी १९६८ मध्ये सुचवले की सिकलसेलच्या प्रत्येक तरुण वाहकाच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांना ओळखून प्रेमात पडायचेच टाळतील. हा माणूस दुष्ट नव्हता. मुलांचे हाल थांबावेत एवढीच त्याची इच्छा होती. पण कपाळावर खूण घेऊन फिरणारा माणूस नोकरी मागायला, घर भाड्याने घ्यायला, पोलिसासमोर उभा राहायला कसा जाईल, हे त्यांच्या डोक्यातही आले नाही. अमेरिकेत हा आजार प्रामुख्याने काळ्या लोकांचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सूचनेचा अर्थ कळतो.

गोंदण झाले नाही, पण त्याच्या जवळपासचे बरेच काही झाले. १९७१ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाने काळ्या वस्त्यांमध्ये मोफत सिकलसेल तपासणी सुरू केली. सरकारने दुर्लक्ष केलेला हा आमचा आजार आहे, आम्ही त्याची दखल घेऊ, ही त्यामागची भावना. त्याच सुमारास राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीही या आजारासाठी निधी जाहीर केला. मग राज्यांनी कायद्यांचा धडाका लावला. दोनेक वर्षांत डझनभर राज्यांनी तपासणी सक्तीची केली. कुठे शाळाप्रवेशासाठी, कुठे लग्नाच्या परवान्यासाठी, कुठे कैद्यांसाठी. शाळेतल्या सहा वर्षांच्या मुलाला तो वाहक असल्याचे कळून त्याने करायचे काय, हे कुणी विचारले नाही. सर्रास वापरली जाणारी स्वस्त चाचणी वाहक आणि रुग्ण यांच्यात फरकच करू शकत नव्हती. काही कायदेही या दोघांत गल्लत करत होते. ठणठणीत तरुणांना विमा महाग झाला, विमान कंपन्यांनी नोकऱ्या नाकारल्या. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीचे दरवाजे वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने तपासणी ऐच्छिक असण्याची अट घातली, तोवर काळ्या समाजात या मोहिमेविषयी पुरता संशय पसरला होता. आपल्या लोकांनी सुरू केलेले काम राज्याच्या हातात जाऊन आपल्यावरच उलटते, हा अनुभव अल्पसंख्य समाजांना नवा नाही.

त्या काळात द्यायला तरी काय होते? गर्भाची जनुकीय तपासणी अजून आली नव्हती, ती १९७८ नंतरची. आजाराला इलाज नव्हता. ‘तुम्ही वाहक आहात’ एवढे सांगून मोहीम पुढच्या घरी जात होती. मग १९८६ मध्ये एका अभ्यासाचा निकाल आला. सिकलसेल असलेल्या लहान मुलांना रोज पेनिसिलिनची गोळी दिली तर जीवघेणे जंतुसंसर्ग चौऱ्याऐंशी टक्क्यांनी कमी होतात. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. त्यानंतर नवजात बाळांच्या तपासणीला कुणी भेदभाव म्हटले नाही. आईच्या हातात आता कागदाबरोबर औषध पडत होते.

याच्याही आधी ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावात असाच एक धडा मिळाला होता. तिथे सिकलसेलचे वाहक बरेच. शास्त्रज्ञांनी सगळ्या गावाचे रक्त तपासले, प्रत्येकाला निकाल सांगितला, सल्ला दिला, आणि ठरवून झालेल्या लग्नांतून वाहकांच्या जोड्या आपोआप टळतील अशी अपेक्षा ठेवली. काही वर्षांनी परत येऊन पाहिले तर वाहकांच्या जोड्या पूर्वीइतक्याच जुळत होत्या. बदलले होते ते एवढेच, की वाहक ठरलेल्यांना रिश्ते मिळणे अवघड झाले होते आणि काही घरे निकाल लपवत होती. ठरवून लग्ने करणाऱ्या कुठल्याही समाजाने हे गाव लक्षात ठेवावे.

लपवालपवीवर न्यूयॉर्कमधल्या कर्मठ ज्यूंनी काढलेला तोडगा मला फार हुशारीचा वाटतो. रब्बी जोसेफ एकस्टीन यांची चार मुले टे-सॅक्स या आजाराने दगावली. १९८३ मध्ये त्यांनी ‘दोर येशोरिम’ ही संस्था काढली. तरुण मुले-मुली शाळेतच रक्त देतात आणि त्यांना एक क्रमांक मिळतो. निकाल मिळत नाही. लग्नाची बोलणी निघाली की दोन्ही घरचे क्रमांक संस्थेला कळवायचे. उत्तर येते, जोडी योग्य आहे किंवा नाही. मुलगा वाहक आहे की मुलगी, हे कुणालाच कळत नाही, त्या दोघांनाही नाही. ‘दोघेही वाहक’ असे निघाले तर मात्र अर्थातच दोघांनाही समजते. या पद्धतीवर टीका झाली आहे: स्वतःच्या शरीराची माहिती माणसापासून दडवून ठेवणे कितपत योग्य? टीका रास्त आहे. तरीही बदनामीचा दाह काय असतो हे ओळखून, समाजाने आपल्या रीतिरिवाजांच्या चौकटीत राहून बसवलेली ही व्यवस्था आहे. सायप्रसमध्येही चर्चने असेच व्यवहारी धोरण ठेवले. तिथे सातातला एक माणूस थॅलेसेमियाचा वाहक. गर्भपाताला विरोध असलेल्या चर्चनेच १९८३ पासून लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. दाखला तपासणी केल्याचा, निकाल काय आला याचा नव्हे. बेटाच्या तुर्की मुस्लीम भागातही लग्नाआधीची तपासणी सक्तीची झाली.

आता पुन्हा इराण. १९९७ ला तपासणी देशभर सुरू झाली तेव्हा धोका असलेल्या जोडप्यापुढे खरे तर दोनच वाटा होत्या, लग्न मोडा किंवा नशिबावर सोडा. २००१ अखेरपर्यंत सत्तावीस लाख जोडप्यांची तपासणी झाली आणि दहा हजारांहून जास्त जोड्यांत दोघेही वाहक निघाले. त्यातल्या निम्म्याहून किंचित जास्त जोड्यांनी तरीही लग्न करायचे ठरवले. हा आकडा मी पुनःपुन्हा पाहतो. लोक मूर्ख नव्हते. साखरपुडे झालेले, मने जुळलेली, नात्यातले शब्द दिलेले. त्यांना पंचवीस टक्के म्हणजे काय ते समजले होते आणि तरी एकमेकांना सोडायचे नव्हते. हेच लोक डॉक्टरांकडे विचारणा करू लागले: गर्भ तपासता येतो ना? मग आजारी निघाला तर पुढे काय?

हा प्रश्न फिकहच्या दारात गेला. गर्भात रूह फुंकली जाण्याचा काळ म्हणून एकशेवीस दिवसांची मुदत अब्दुल्लाह इब्न मसऊद यांच्याकडून आलेल्या हदीसच्या आधारे पूर्वीपासून चर्चेत होती. त्यावर मते एकसारखी नाहीत. अनेक हनफी फकीहांनी सबळ कारण असेल तर त्या आधी सूट मानली, मालिकी फकीहांनी बहुतांशी नाकारली. मक्केतल्या राबिता आलम-ए-इस्लामीच्या फिकह परिषदेने फेब्रुवारी १९९० मध्ये निर्णय दिला होता की गर्भात असाध्य आणि गंभीर व्यंग असल्याचे विश्वासू डॉक्टरांच्या समितीने सांगितले, तर एकशेवीस दिवसांच्या आत आई-वडिलांच्या इच्छेने गर्भपात करता येईल. इराणमध्ये आयातुल्लाह खामेनींनी थॅलेसेमियाबाबत तशी परवानगी देणारा फतवा नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दिला. २००५ मध्ये तिथल्या संसदेने कायदाच केला. तीन तज्ज्ञांचे निदान, चार महिन्यांची मर्यादा, आणि संमती आईची. कायद्याचा आधार होता ‘हरज’, म्हणजे असह्य ओढाताण. दीनमध्ये हरज नाही, हे तत्त्व कुरआनातले. बाळाच्या व्यंगामुळे आईवर येणारी ओढाताण हा कायद्याचा शब्द झाला.

हे आपल्या कानांना विचित्र वाटेल, कारण इराणच्या उलेमांचे चित्र आपल्या मनात वेगळेच आहे. इथे घडले ते असे: राज्याने तपासणी लादली, तिचे परिणाम सामान्य जोडप्यांनी भोगले, त्यांनी डॉक्टरांमार्फत प्रश्न विचारला, आणि धर्मशास्त्राला उत्तर शोधावे लागले. थॅलेसेमिया मेजरच्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, साठलेले लोह काढायला वर्षानुवर्षे औषध. ते घर ज्याने पाहिले आहे तो फतव्याच्या बाजूने किंवा विरोधात सहज बोलत नाही. आणि हा रस्ता एकाच दिशेने गेला असेही नाही. २०२१ मध्ये लोकसंख्या वाढवण्याच्या नव्या कायद्याने इराणने गर्भतपासणी आणि गर्भपात दोन्हींवर पुन्हा बंधने आणली. जन्मदर घसरला की आईची ओढाताण मागे पडते. राज्याने दिलेली सवलत राज्याच्या हिशोबाने परत जाऊ शकते.

सौदी अरबने २००४ मध्ये दोन्ही आजारांसाठी निकाहपूर्व तपासणी सक्तीची केली. दाखला हवाच, पण निकाल काहीही येवो, लग्न करायचे की नाही हे जोडप्याने ठरवायचे. पहिल्या वर्षी धोका असलेल्या जोड्यांपैकी जेमतेम नऊ टक्क्यांनी लग्न मोडले होते. २००९ पर्यंत हे प्रमाण बावन्न टक्क्यांच्या घरात गेले. याला यश म्हणतात. असेलही. पण मोडलेल्या लग्नांतल्या मुलींचे पुढे काय झाले, याचा तक्ता त्या आकड्यांच्या शेजारी नसतो.

सौदीच्या पूर्वेकडच्या कतीफ आणि अल-अहसा भागात सिकलसेल सर्वाधिक आहे. आफ्रिकेतल्या प्रकारांहून तिथला प्रकार वेगळा आहे, आणि शास्त्रज्ञ त्याला ‘अरब-भारतीय’ म्हणतात. कारण हाच जनुकीय ठसा विदर्भातल्या आणि सातपुड्यातल्या आदिवासींच्या, दलितांच्या रक्तात आहे. कतीफचा खजुराच्या बागेतला शेतकरी आणि गडचिरोलीचा माडिया यांच्यात एवढे जवळचे नाते निघावे, याचा मला तर आनंद होतो. भारतात सिकलसेल प्रथम नोंदवला गेला तो १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींत. गडचिरोलीत ऐंशीच्या दशकात डॉ. अभय बंग यांनी तो मोठ्या प्रमाणात असल्याचे शोधले, सरकार हलले, केंद्र उभे राहिले. पण लोकांनी हा आजार विचारलाच नव्हता, त्यांच्या अडचणी दुसऱ्याच होत्या, हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितले आहे. आज तिथे कार्डे वाटताना हा अनुभव कुणी वाचतो की नाही कोण जाणे.

तपासणीचे साधन भलत्याच कामाला कसे लागते, हे महाराष्ट्राला तरी शिकवायला नको. गर्भजल तपासणी आली ती जनुकीय दोष शोधायला. मुंबईत तिचा धंदा झाला मुली शोधायला. शेवटी १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले.

आता आपल्या घरातली गोष्ट. कच्छ-सौराष्ट्रातून आलेल्या मेमन आणि इतर काही जमातींत थॅलेसेमियाचे वाहक जास्त आहेत, तसेच सिंधी, लोहाणा, भानुशाली या हिंदू समाजांतही. त्यात नात्यातल्या लग्नांचा मुद्दा येतोच. चुलत, मावस भावंडांच्या निकाहावरून मुसलमानांना टोमणे मारणाऱ्यांनी मामाच्या मुलीशी लग्नाची मराठी परंपरा आठवावी. पण टोमण्याला उत्तर दिल्याने जनुके बदलत नाहीत. ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्डमध्ये पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांच्या मोठ्या अभ्यासात दिसले की सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या लग्नांत जन्मजात व्यंगाचा धोका साधारण तीन टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर जातो. दुप्पट झाला, आणि चौऱ्याण्णव बाळे निरोगीही जन्मली. दोन्ही वाक्ये खरी आहेत. नात्याबाहेर लग्न करा असे सांगणारी एक ‘हदीस’ व्हॉट्सॲपवर फिरते, तिची सनद हदीसतज्ज्ञ मान्य करत नाहीत. चांगल्या सल्ल्यालाही खोटा आधार नको.

फिकहच्या जुन्या ग्रंथांत निकाह रद्द करता येईल अशा ‘ऐबां’ची चर्चा आहे: कुष्ठ, कोड, वेड वगैरे. आता वाहक असणे हा ऐब मानायचा का? वाहक आजारी नाही, संसारात अक्षम नाही, दुसऱ्याला काही लागण करत नाही. शिवाय तो दोष एकट्याचा नसतोच, दोन माणसे समोर आली तरच धोका तयार होतो. म्हणून ‘मुलीत खोट निघाली’ हे वाक्य वैद्यकातही चूक आणि फिकहमध्येही. बोलणी पुढे जाण्याआधी सांगणे मात्र कर्तव्यच, कारण निकाह हा करार आहे. ते सांगणे दोन घरांतले असते, मोहल्ल्याचे नसते.

आणि हे सगळे एकेका जनुकाबद्दल झाले. आता संपूर्ण जनुकसंच वाचता येतो. ब्रिटनमध्ये एक लाख नवजात बाळांचा जनुकसंच वाचून दोनशेहून अधिक आजार शोधण्याचा प्रकल्प चालू आहे. इतके वाचले की प्रत्येक माणूस कशाचा ना कशाचा वाहक निघतो. शिवाय जगातल्या जनुकीय नोंदी बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांच्या असल्यामुळे आपल्याकडच्या माणसाच्या अहवालात ‘अर्थ निश्चित नाही’ असा शेरा जास्त वेळा येतो. भारताने दहा हजार लोकांचे जनुकसंच वाचून २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली केली, ही चांगली सुरुवात. तोवर थुंकीची डबी विकणाऱ्या कंपनीच्या चाळीस पानी अहवालावर कुणाचा रिश्ता ठरू नये एवढे पाहावे.

त्यापेक्षा साधी गोष्ट हाताशी आहे. रक्ताची सीबीसी आणि हिमोग्लोबिनची एचपीएलसी, या दोन तपासण्यांत थॅलेसेमिया आणि सिकलसेल दोन्हींचे बहुतेक वाहक ओळखता येतात. मंगनीची तारीख निघण्याआधी, कॉलेजात असतानाच केली तर उत्तम, कारण तेव्हा समोर कुणी नातेवाईक बसलेला नसतो. कागद ज्याचा त्याच्याच हातात द्यावा. आणि जमातीच्या आरोग्य शिबिरात ही तपासणी ठेवायची असेल तर इराणचा क्रम घ्यावा: आधी मुलांची रांग.